थोरलीचं ॲव्हरेज

८ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. एक गाडी लिटरला पावणेसहा किलोमीटर जाते. तिच्याच बनावटीच्या, तिच्याच वयाच्या दुसऱ्या गाड्या साडेसहा जातात. मधलं डिझेल कुठे जातं? मला याचं उत्तर येत नाही. पहिली गाडी तुझी आहे, म्हणून तुला विचारते आहे.

तू म्हणशील, चार महिने पत्र नाही आणि आलं ते डिझेलचं. खरं आहे. पण माझ्या टेबलावर सध्या दुसरं काही नसतं. आरोग्य विभागाच्या वाहन शाखेत मला बसवलंय, हे आईने कळवलंच असेल. एकोणतीस गाड्या आहेत. कोणती किती चालली आणि किती प्यायली, एवढं दर महिन्याला मांडायचं. पहिल्या पंधरा दिवसांतच दिसलं की जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या भयंकर पितात. अशा नऊ आहेत आणि त्या नऊ मिळून उरलेल्या वीस गाड्यांएवढं डिझेल संपवतात. धूर सोडतात तो वेगळा.

मग मी एक टिपण लिहिलं. लिटरला सातपेक्षा कमी देणारी प्रत्येक गाडी एकतीस मार्चपर्यंत निर्लेखित करावी, म्हणजे भंगारात काढावी, आणि त्या जागी नव्या छोट्या व्हॅन घ्याव्यात. साहेबांनी ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "दहा वर्षांत या खोलीत कुणी एवढं सरळ वाक्य लिहिलं नव्हतं." त्या दिवशी मी घरी चालत आले, पण पाय जमिनीवर नव्हते. आपल्या घरातली पहिली पदवी एकदाची कुणाच्या तरी कामी आली असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या नऊ गाड्यांची यादी टाइप करायला घेतली. शेवटची गाडी: वरचा दवाखाना. तू चालवतोस ती थोरली.

शाळेच्या परीक्षांना मी तिच्यातूनच खाली यायचे, औषधांच्या पेटीवर बसून. विसरलेले नाही. पण माझ्या मामाची गाडी म्हणून ती यादीतून वगळायची असेल, तर शिकून काय केलं मी? तिला जावं लागेल. मला फक्त तो आकडा समजत नाही. बाकीच्या आठ गाड्या साडेसहाच्या आसपास आहेत, थोरली एकटीच पावणेसहा. साहेबांनी त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढलाय.

कळव. तुझा फोन ओढ्याच्या वर लागत नाही, तेव्हा औषधांच्या रिकाम्या पेटीतूनच पत्र पाठव.

तुझी भाची

ता. क. आई म्हणते, जरा नीट लिही. मागचं पत्र तिला शेजाऱ्यांकडून लावून घ्यावं लागलं.


१५ जानेवारी

चि. पदवीबाईस,

अनेक आशीर्वाद.

थोरली पिते. पिऊ दे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा थोरलीला ऐकू जाईल असं. तिने मनावर घेतलं नाही. ती तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, धाकट्यांचं बोलणं ती सोडून देते.

आता रस्ता ऐक. खालच्या गोदामापासून ओढ्यापर्यंत अठरा किलोमीटर डांबरी. तिथे तुझी नवी व्हॅन लिटरला पंधरा देईल, मान्य. मग ओढ्यापाशी ती थांबेल आणि पाण्यात आपलं तोंड बघत बसेल. ओढ्यापलीकडे अकरा किलोमीटर नुसते दगड. त्या अकरा किलोमीटरमध्ये थोरली दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, पण पोचते. गेल्या मंगळवारी वरच्या वस्तीतल्या सुताराच्या छातीत कळ आली म्हणून त्याला खाली आणला. अख्ख्या वाटेत त्याने मला एकदाही विचारलं नाही की गाडी लिटरला किती देते.

सात हा आकडा तुला कुणी दिला? दगडांना विचारलं होतंस?

काढा गाडी. काढायला मात्र तुमच्यापैकी कुणीतरी वर या, म्हणजे ओढा कसा ओलांडायचा तेही कळेल.

अक्षराचं ताईला सांग, गाडीत बसून मांडीवर कागद ठेवून लिहितोय. दवाखान्यातलं टेबल सिस्टरने बाटल्यांनी भरून टाकलंय. डॉक्टर इथे महिन्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस तीच डॉक्टर, तीच कंपाउंडर आणि तीच माझी साहेबीण.

तुझा मामा
(थोरलीचाही नमस्कार. मी तिच्या वतीने लिहितोय, तिचं म्हणणं वेगळं होतं.)


२३ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आई पोट धरून हसली. मी नाही हसले, कारण माझ्या प्रश्नाला तू बगल दिलीस. उरलेल्या आठपैकी पाच गाड्यांनाही असेच ओढे आणि असेच दगड आहेत. तरी त्या साडेसहा जातात.

मी आमच्या गॅरेजमध्ये गेले होते. तिथले मिस्त्री तीस वर्षं याच गाड्या खोलतात. मी विचारलं, "जुनी गाडी एवढी का पिते?" ते गाडीखालूनच म्हणाले, "ताई, याची शंभर कारणं असतात आणि चोरी हे त्यातलं एक. आधी नव्व्याण्णव बघा." मग हात पुसत बाहेर आले आणि बोटांवर मोजून मला पाच सांगितली. टायरमधली हवा, एअर फिल्टर, नोझल, घासणारे ब्रेक आणि पुढचे हब.

हब मला माहीत नव्हते, म्हणून त्यांनी एका गाडीपाशी नेऊन दाखवले. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध वाटीएवढी चकती असते. दगडात शिरताना खाली उतरून ती हाताने फिरवायची, की पुढची चाकं जोराला जोडली जातात. डांबरीवर आलं की पुन्हा उतरायचं आणि मोकळी करायची. मोकळी केली नाही तर पुढचा सगळा लोखंडी कारभार इंजिनाला उगाच फिरवत न्यावा लागतो. मी फिरवून बघितली, हललीसुद्धा नाही. मिस्त्री म्हणाले, "मनगट लागतं त्याला."

ही पाचही कारणं तू तपासून कळव.

आता जे लिहायचं नाही ते. साहेबांनी तुझ्या फाइलवर शेरा मारलाय: "तेल कुठे जाते? चालकाचा खुलासा घ्यावा." याचा अर्थ तुला कळतो. हा प्रश्न दुसऱ्या कुणी तुला विचारण्याआधी मी विचारते, आणि दुसऱ्या कुठल्याही चालकाला विचारला असता तसाच विचारते. मामा, तू डिझेल विकतोस का?

मी तुझी नातेवाईक आहे हे इथे कुणाला माहीत नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगते. खरं तर धीर झाला नाही.

भाची


३० जानेवारी

वाहन शाखेस,

टायरमध्ये हवा बरोबर आहे. फिल्टर दर पंधरवड्याला झटकतो. नोझल गेल्या वर्षी बदलले, पावती तुमच्याकडेच आहे. ब्रेक घासत नाहीत.

डिझेल विकत नाही.

हे विचारायला पदवी लागली. ताईला विचारलं असतं तर तिने घरबसल्या सांगितलं असतं.

खुलासा संपला.

चालक, वरचा दवाखाना


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू मला 'वाहन शाखेस' म्हणालास, ते मला लागलं. लागावं म्हणूनच लिहिलं होतंस. आईने पत्र वाचलं, घडी घालून माझ्यासमोर ठेवलं आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी 'जेवलीस का' यापलीकडे एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुझा प्रश्न चुकला नाही. तू तो विचारून थांबलीस, तिथे चुकलीस. पुढे बघ."

म्हणून पुढे बघितलं. तुझं पत्र पुन्हा काढलं. मी पाच गोष्टी विचारल्या होत्या, तू चारांचं उत्तर दिलंस. हबबद्दल एक अक्षर नाही. तू विसरणाऱ्यातला नाहीस.

मग रेकॉर्ड रूममधून थोरलीची जुनी लॉगबुकं मागवली, दहा वर्षांची. जमिनीवर बसून एकेक पान उलटत गेले. सात वर्षांपूर्वीच्या चौदा ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक नोंद तुझ्या अक्षरात आहे. तेच गोल, ठसठशीत अक्षर, माझ्या पाटीवर तू जे गिरवायला काढून द्यायचास. चौदा ऑक्टोबरनंतर पाच दिवस नोंदच नाही. वीस तारखेपासून अक्षर दुसऱ्या कुणाचंतरी आहे, बारीक आणि तिरकं. खाली सहीच्या जागी एक थरथरती रेघ. ती रेघ आजतागायत तशीच आहे.

शेजारच्या रकान्यात बघितलं. त्याच ऑक्टोबरपर्यंत थोरलीचं ॲव्हरेज साडेसहा. नोव्हेंबरपासून पावणेसहा, आणि ते पुन्हा कधी वर आलंच नाही.

डिझेल कुठे जातं ते मला कळलंय असं वाटतं. चोर समजून विचारल्याबद्दल मला माफ कर. आता नीट विचारते.

मामा, तुझ्या हाताला काय झालंय? आणि मांडीवर कागद ठेवून लिहितोस, तो सात वर्षं मांडीवरच आहे का?

तुझी भाची


१७ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद. हे अक्षर सिस्टरचं आहे, तू ते लॉगबुकात बघितलंच आहेस. मी सांगतो आणि ती लिहिते. मध्ये स्वतःचं घुसडायचं नाही असं ठरलंय.

(तसं काही ठरलेलं नाही. – सिस्टर)

चौदा ऑक्टोबरला वरच्या वस्तीतली एक बाई अडली होती. गाडीत घेतली, तर बॅटरी बसलेली. म्हणून हँडल मारून गाडी चालू करायला गेलो. हँडल उलटं फिरलं आणि उजव्या मनगटावर बसलं. आवाज मला आला, बाकी कुणाला आला नाही, कारण त्या बाईचा आवाज मोठा होता. दुसऱ्या खेपेला डाव्या हाताने मारलं, गाडी चालू झाली. सिस्टरने पुठ्ठा लावून मनगट बांधलं आणि आम्ही खाली गेलो. मुलगी झाली. आता सात वर्षांची आहे, थोरली दिसली की पुढे पळते आणि मला ब्रेक मारायला लावते.

(एकोणतीस किलोमीटर डाव्या हाताने चालवली. गिअर मी टाकत होते, ते म्हणतील तेव्हा. खाली गेल्यावर मी म्हटलं हात दाखवा, तर म्हणाले दाखवला की रिपोर्ट होईल. – सिस्टर)

झालाच असता. रिपोर्ट झाला की ड्रायव्हर रजेवर आणि बदली ड्रायव्हर यायला तीन महिने. आधी एकदा तसं झालं होतं. खालचे ड्रायव्हर ओढ्यापर्यंत येतात आणि हॉर्न वाजवत बसतात. म्हणून पाच दिवस गाडी बिघडलीय म्हटलं आणि सहाव्या दिवशी चालवायला लागलो. हाड वाकडं बसलं. स्टिअरिंगला खांदा आणि कोपर पुरतं. पेनला पुरत नाही. हबला तर मुळीच नाही. तेव्हा कुणाकडून तरी एकदा ते फिरवून घेतले आणि कायमचे जोडून ठेवले. डिझेल त्यात जातं. मिळालं उत्तर?

सिस्टर म्हणते, मला उतरून फिरवू द्यायचं होतं. ड्रायव्हरने आत बसायचं आणि सिस्टरने पाण्यात उतरायचं, हे मला जमणारं नव्हतं.

(इथे मी एक शब्द लिहिणार होते, तो लिहू दिला नाही. – सिस्टर)

आता माझं ऐक. हे तू वाचलंस, तिथेच संपलं. माझा हात कागदावर येता कामा नये. नोकरीची दोन वर्षं राहिलीत. हात दिसला की मी घरी, आणि मी घरी की थोरली उभी. तुझ्या साहेबांना सांग, विकतो डिझेल. चोर ठरवा, चालेल. अधू ठरवू नका.

तुझा मामा

(सही त्यांची आहे. पाच मिनिटं लागली. भाचीबाई, तुम्ही एकदा स्वतः वर या. येताना हातमोजे आणा. – सिस्टर)


५ मार्च

चि. भाचीस,

आशीर्वाद. हे पत्रही सिस्टरच्या हातचं. तळहातांचे फोड बसले का? हातमोजे आणले होतेस, पण ते घालून पकड येत नाही म्हणून तूच काढून फेकलेस, तेव्हा तक्रार करायची नाही.

तू येऊन गेल्यावर इथे सगळे विचारतात, ऑफिसच्या त्या बाई पुन्हा कधी येणार. सुतार छातीच्या तपासणीसाठी गाडीत होता, तो म्हणतो, त्या पोरीने माझ्या छातीचं न विचारता आधी टाकीत काठोकाठ डिझेल भरून घेतलं, मग गाडी चालवायला लावली, मग पुन्हा काठोकाठ भरून मापलं. मी म्हटलं, शिकलेली आहे, तिला असंच शिकवलंय.

तू तीन दिवस ओढ्यापाशी उतरलीस. जाताना हब जोडायचे, येताना मोकळे करायचे. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी, ओठ चावून, गुडघाभर पाण्यात. मला काचेतून सगळं दिसत होतं. सात वर्षं मी हेच टाळत होतो, की माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तिथे उतरू नये. तू उतरलीस, आणि काही झालं नाही. गाडीत बसलेल्या माणसांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. सुतार झोपला होता. मी एवढा कशाला घाबरत होतो, ते मला आता नीट आठवत नाही.

(हे वाक्य त्यांनी दोनदा खोडायला सांगितलं. मी दोन्ही वेळा 'हो' म्हटलं. – सिस्टर)

आता तुझ्या वहीचं. हब मोकळे केल्यावर आकडा आला सव्वासहा. पावणेसहाचे सव्वासहा झाले, ठीक. पण सात झाले नाहीत. पूर्वी तरुणपणी साडेसहा होती, म्हणजे थोरली तुझ्या नियमात कधीच बसणारी नव्हती, हात धड असता तरी. निघताना तुझा चेहरा उतरला तो त्याचाच ना?

मग आता काय करशील? नियम तुझा आहे, पाळ किंवा मोड. ती म्हातारी आहे, जड आहे, चार चाकांनी ओढते. ती पिणारच, आणि मी तिची माफी मागणार नाही. पण माझा हात मध्ये आणू नकोस. हे मी ड्रायव्हर म्हणून नाही सांगत, मामा म्हणून सांगतोय.

तुझा मामा


१३ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. हे पत्र आधी पूर्ण वाच, मग रागव. सिस्टरना सांग, मध्ये थांबू देऊ नका.

वरून आल्यावर चार दिवस मी टिपण लिहीत होते आणि फाडत होते. तुझं म्हणणं राखून ते लिहिता येतं का, हे बघत होते. येत नाही. थोरलीला वाचवायचं तर साहेब पहिला प्रश्न तोच विचारणार, सात वर्षं मधलं डिझेल कुठे गेलं. त्याचं खरं उत्तर एकच आहे आणि ते तुझ्या मनगटात आहे.

शेवटी तीन पानं लिहिली. पहिल्या पानावर लिहिलं की सातचा नियम माझा होता आणि तो चुकीचा आहे. किलोमीटरला लिटरने भागून रस्त्यावरची गाडी मोजता येते, पण जिथे रस्ताच नाही तिथे नाही. पंधरा देणारी व्हॅन ओढ्यापाशी थांबते, आणि पुढच्या अकरा किलोमीटरचं तिचं ॲव्हरेज शून्य आहे. या गाड्या पितात हे मी नाकारलं नाही. धूर सोडतात हेही लिहिलं. ओढा ओलांडणारी नवी फोर व्हील गाडी दारात उभी राहील तेव्हा थोरलीला खुशाल काढा, त्याआधी नाही. हे थोरलीपुरतं नाही, ओढ्यांच्या वाटेवरच्या सहाही गाड्यांसाठी लिहिलंय. उरलेल्या तीन शहरात फिरतात, त्या काढा. त्यांच्यावर माझं अजूनही तेच मत आहे.

दुसऱ्या पानावर लिहिलं की या गाडीचा चालक माझा सख्खा मामा आहे आणि हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या पानावर तुझा हात आहे.

पानं घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून सगळं वाचलं.

"भाची आहात हे आधी का बोलला नाहीत?"

"भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"वाटते. पण आता लिहून झालंय."

मग त्यांनी दुसरं आणि तिसरं पान बाजूला काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "ही दोन घरी न्या. पहिलंही नको. थोरली मी यादीतून काढतो, टाइप करताना राहून गेली म्हणू. तुमचा नियम राहील, तुमचं टेबल राहील, मामांची दोन वर्षं कुणी बघणार नाही. लहान आहात, एवढं अंगावर घेऊ नका."

मामा, तू जे मागत होतास ते सगळं त्या क्षणी टेबलावर होतं. गाडी राहत होती, हात झाकलेला राहत होता. मी नाही म्हणाले. बाकीच्या पाच गाड्या भंगारात गेल्या असत्या आणि त्या पाच ओढ्यांपलीकडे कुणाचा मामा नाही म्हणून कुणी विचारलंही नसतं. आणि तो लाल गोल तुझ्या आकड्याभोवती तसाच राहिला असता. तू म्हणालास, चोर ठरवा, अधू ठरवू नका. मी दोन्ही ठरवू देणार नाही. ज्या माणसाने तुटलेल्या हाताने एका बाईला एकोणतीस किलोमीटर खाली आणलं, त्याच्या फाइलवर "तेल कुठे जाते" एवढंच राहावं, हे मला मान्य नाही. तुला मान्य असेल तर तो तुझा दोष आहे.

तिसऱ्या पानावर काय आहे ते तुला कळायला हवं. चौदा ऑक्टोबरची तारीख आहे, लॉगबुकातल्या कोऱ्या पाच दिवसांसकट. दुखापत कामावर असताना झाली आणि तिचे उपचार विभागाने करायला हवे होते, असं स्पष्ट लिहिलंय. हब फिरवायला गाडीवर एक मदतनीस द्यावा, अशी मागणी आहे. आणि हेही लिहिलंय की चालकाचा हात डॉक्टरांनी तपासावा. मी तीन दिवस तुझ्या शेजारी बसले, एकदाही दारावरची कडी घट्ट धरावीशी वाटली नाही. पण ते तुझ्या भाचीचं मत झालं. मागे पेशंट असतात. डॉक्टर नको म्हणाले तर तू स्टिअरिंगवर बसायचं नाहीस. मग शेजारी बसायचं आणि खालच्या ड्रायव्हरांना ओढा ओलांडायला शिकवायचं, दोन वर्षं, हॉर्नला हात लावू न देता. तेही लिहिलंय.

तुझी तपासणी पंचवीस तारखेला आहे, इथे शहरात. आई आताच अंथरूण घालून ठेवायच्या गोष्टी करतेय. तू रागावला असशील असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, "रागावू दे. सात वर्षं हात लपवत आला नाही, राग घेऊन का होईना, आता येईल तरी."

मला वाहन शाखेतून काढलंय. सोमवारपासून रेकॉर्ड रूम. जुनी लॉगबुकं तिथेच असतात, तेव्हा मला काही परकं वाटायचं नाही. सहा गाड्यांचं काय होणार ते अजून ठरायचंय. साहेब पाठिंबा देतील असं वाटत नाही, पण त्यांनी टिपण अडवलंही नाही. तिन्ही पानं माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "मग माझ्याकडे कशाला देता, खिडकीवर द्या."

म्हणून नऊ तारखेला साडेअकरा वाजता आवकच्या खिडकीवर दिलं. तिन्ही पानं, पानांचे क्रमांक घालून, प्रत्येक पानावर सही. शिक्का मारून घेतला, नोंदवहीत क्रमांक बघितला, पोच घेतली. पोच या पत्रासोबत आहे, नीट ठेव. एकदा क्रमांक पडला की अर्ज परत घेता येत नाही. मी खिडकीवरच्या बाईंना दोनदा विचारून घेतलं.

तुझी भाची